गरीब कुणाला म्हणालीस?

माझ्या भाषणात पाच चुका होत्या, असं आईचं म्हणणं आहे. त्या तिनं एका बैठकीत सांगितल्या नाहीत. आधी बारा दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. मग एका दुपारी चार चुका सांगितल्या, आणि उरलेली पाचवी तिला जमेल तेव्हा.

भाषण होतं कासा बाजूच्या एका आश्रमशाळेत. त्याच शाळेच्या वसतिगृहात राहून मी पाचवी ते दहावी शिकले. आता मी पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. पाड्यांवर टाक्या बांधून घेणं, नळाच्या लाइनी टाकून घेणं आणि त्यानंतर त्यातून खरंच पाणी येतंय का हे बघत फिरणं, हे माझं काम. डहाणू रोडला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझा फ्लॅट आहे आणि खाली स्वतःची गाडी उभी असते. शाळेच्या मुख्याध्यापकांना अशीच कुणीतरी हवी होती. फोनवर ते म्हणाले, "मॅडम, दहावीच्या मुलींना तुमचा संघर्ष सांगा. पोरींना हुरूप येतो. आणि आईंनाही घेऊन या, आपण त्यांचा सत्कार करू."

संघर्ष माझ्याकडे तयारच होता. महिला दिनाला ऑफिसात, एकदा पालघरला प्रशिक्षणात, एकदा कॉलेजच्या मुलींसमोर, असं तीन-चार वेळा मी तेच भाषण केलं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज थोडा खाली आणायचा, हेसुद्धा ठरलेलं होतं. फरक एवढाच की आतापर्यंत आईनं ते ऐकलेलं नव्हतं.

बाबा गेल्यापासून आई उधव्याच्या पुढं, गुजरातच्या हद्दीजवळ, आमच्या पाड्यावर माझ्या धाकट्या भावाकडे राहते. सकाळी मी तिला आणायला गेले तेव्हा ती केव्हाची तयार होऊन ओट्यावर बसली होती. घरी ती गुडघ्यापर्यंत लुगडं नेसते, त्या दिवशी निळी पाचवारी नेसली होती. गाडीत बसल्यावर तिनं एकदाच विचारलं, "काय बोलणार आहेस?"

"आपल्याबद्दलच," मी म्हणाले.

ती खूश झाली. आईशी मी आमच्या घरच्या बोलीत बोलते. इथं ते सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिते आहे. पण तिचा स्वर मात्र मला असाच्या असा आठवतो.

मुली सतरंजीवर बसल्या होत्या. पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि पहिल्या रांगेत, ग्रामपंचायतीच्या सदस्यांच्या शेजारी, आई. मी माईक हातात घेतला. "मी अत्यंत गरीब घरात जन्मले," मी म्हणाले. "आम्ही झोपडीत राहायचो. पायात चप्पल नसायची. आईवडील मजुरी करायचे. कित्येकदा एकाच वेळचं जेवण मिळायचं." इथं मी थांबते, तशी थांबले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग मी अभ्यास, कंदील, पहिला नंबर, अभियांत्रिकी, नोकरी असं चढत गेले आणि शेवटी टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवताना मुली आईकडे वळून वळून बघत होत्या. आई स्वतःच्या बांगड्यांकडे बघत होती.

मग तिला व्यासपीठावर बोलावलं. शाल आणि नारळ दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "या माउलीनं उपाशी राहून मुलीला शिकवलं." फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळे हसत आहेत आणि आई नारळ असा धरून उभी आहे, जणू तो कुणाच्या तरी डोक्यात घालायचाय.

परतीच्या वाटेवर ती बोलली नाही. दमली असेल असं मला वाटलं. आमच्या पाड्यापाशी गाडी थांबवली, ती नारळ घेऊन उतरली आणि चालू लागली. शाल मागच्या सीटवर राहिली होती.

"आई, शाल राहिली."

ती मागं न वळता म्हणाली, "गरिबाला दे कुणातरी."

पुढचे बारा दिवस मी फोन केला की भावजय उचलायची. "आई शेतात गेल्यात," ती म्हणायची. पहिल्या दिवशी मला ते खरं वाटलं. भात कापून झालेलं असलं तरी आमच्याकडे त्या दिवसांत शेतात वाल असतात, त्यांच्याकडे बघावं लागतं. पण सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कधीही फोन केला तरी आई शेतातच. एकदा तर मला तिचा खोकला पलीकडून ऐकू आला आणि भावजय तरीही म्हणाली, "शेतात आहेत हो ताई." बिचारीचा आवाज रडवेला झाला होता.

तेराव्या दिवशी रविवार होता. मी पाड्यावर गेले. आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं सुपासमोरची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, "बस." मी बसले, शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "झोपडी कुठली?"

"काय?"

"तू झोपडी म्हणालीस. तुझा जन्म ज्या घरात झाला त्याला बारा खांब होते सागाचे. तुझ्या आज्यानं एकेक निवडून आणलेले. भिंतींना कारवीच्या काठ्यांचा कूड होता, दर वर्षी मी माझ्या हातानं शेणानं लिंपायची. वरती भाताची कणगी होती, माणूस उभा मावेल एवढी. तुझ्या त्या फ्लॅटला किती खांब आहेत?"

मी इंजिनिअर. लोकांच्या टाक्यांचे कॉलम मोजायचा मला पगार मिळतो. माझ्या इमारतीला किती कॉलम आहेत ते मला सांगता आलं नाही.

"बघ," आई म्हणाली. "आणि चप्पल. चप्पल नव्हती म्हणालीस."

"नव्हती ना. शाळेत मी अनवाणी जायचे, मला चांगलं आठवतंय."

"अनवाणी जायचीस. पण चप्पल होती. निळ्या पट्ट्याची. तलासरीच्या बाजारातून तुझ्या बाबानं आणली होती. पाड्यावर दुसऱ्या कुठल्याच पोरीला नव्हती, म्हणून तू लाजायचीस. ओढ्यापर्यंत घालून जायचीस आणि तिथं करवंदीच्या जाळीत लपवून ठेवायचीस. येताना परत घालून यायचीस. मला माहीत नव्हतं वाटतं?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली, कारण तिनं हे सांगितलं आणि मला ती करवंदीची जाळी दिसली. चप्पल आत सरकवताना हाताला ओरखडे यायचे, ते दिसले. मी आठ वर्षांची असेन. मला चप्पल नव्हती म्हणून मी अनवाणी चालत नव्हते. बाकीच्यांना नव्हती म्हणून चालत होते. आमच्या पाड्यावर आम्ही जरा बरे होतो, आणि ते बरेपण मला तेव्हा सलत होतं. हे सगळं मी इतक्या वर्षांत पार उलटं करून टाकलं होतं. आणि खोटं बोलतेय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

तिसरी चूक मजुरीची. यावर आई सगळ्यात जास्त चिडली होती. आमचं शेत होतं, भात आणि नागली पिकायची, दोन बैल होते. भात झोडून झालं की आई-बाबा रोज सकाळी जीपनं घोलवडला चिकूच्या वाडीवर जायचे. बाबा लांब काठीला लावलेल्या जाळीनं फळं उतरवायचे, आई शेडमध्ये बसून लहान-मोठी फळं वेगळी करून खोक्यात भरायची. पावसाच्या आधी परत शेतात.

"मजूर नव्हतो आम्ही," ती म्हणाली. "शेतकरी होतो. शेतात काम नसायचं तेव्हा बाहेर कामाला जायचो."

"पण आई, मजुरीच ती. मजुरीचे पैसेच घ्यायचात ना?"

"तुझा तो साहेब, नाशिककडचा. त्याचं शेत आहे म्हणालीस ना?"

"हो. द्राक्षं आहेत त्यांची."

"तो स्वतःला काय म्हणतो?"

"म्हणतात, आम्ही मूळचे शेतकरी."

"तो वर्षभर तुझ्या ऑफिसात पगार घेतो आणि मूळचा शेतकरी. आम्ही आठ महिने शेतात आणि आम्ही मजूर?"

मी पुढची शेंग सोलायला घेतली.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. त्या वाडीच्या शेडमध्ये एका दुपारी मालकाची सून आली. मुंबईहून नवीन लग्न होऊन आलेली, स्वभावानं चांगली मुलगी, आई म्हणाली. तिच्याबरोबर वापरलेल्या साड्यांचं मोठं गाठोडं होतं. तिनं सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीला एक एक साडी दिली. आईच्या वाट्याला गुलाबी फुलांची आली. त्या दिवशी आई स्वतः कोरी साडी नेसून गेली होती, आदल्याच आठवड्यात घेतलेली, घडी मोडायचा पहिला दिवस. पण त्या सुनेनं ते पाहिलंच नाही. तिला रांग दिसत होती.

"त्या दिवशी मी गरीब होते," आई म्हणाली. "सकाळी घरून निघाले तेव्हा नव्हते. दुपारी झाले."

"मग घेतलीस कशाला?"

"पोर मनानं चांगली होती. तिचं तोंड उतरलं असतं. घेतली, आणि पावसात नागलीच्या शेतात बुजगावण्याला नेसवली. पाखरं एवढी घाबरली नाहीत कधी."

आम्ही दोघी हसलो. बारा दिवसांनंतर ती पहिल्यांदा हसली. मग सूप उचलून वाल पाखडायला लागली आणि न बघताच म्हणाली, "तू मला त्या दिवशी परत रांगेत उभं केलंस. एवढ्या लोकांसमोर."

मला वाटतं, मला आतापर्यंत कुणी इतकं सरळ काही सांगितलेलं नाही.

तिनं विचारलं नाही, पण मी तिला सांगायला लागले की हे भाषण माझ्याकडे आलं कुठून. मुंबईत अभियांत्रिकीला होते तेव्हा पहिल्या वर्षी दिवाळीनंतर मी नवीन पंजाबी ड्रेस घालून वर्गात गेले. बाबांनी वाडीवरच्या पैशातून घेतलेला. माझ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "तू तर कोट्यातली ना? मग हे कसं परवडतं?" ती वाईट नव्हती. परीक्षेला मला नोट्स तिनंच दिल्या होत्या. पण त्या दिवशी मला कळलं की मला इथं बसायचं असेल तर माझ्या घरी काहीतरी नसायला हवं. मी तो ड्रेस ट्रंकेत ठेवला आणि जुने दोन धुऊन धुऊन घातले. कुणी विचारलं की घर कसं आहे, तर मी झोपडी म्हणू लागले. कारवीचा कूड, सागाचे खांब, कणगी हे सांगून कुणाला काही कळत नव्हतं. झोपडी म्हटलं की लगेच कळायचं, आणि पुढचा प्रश्न यायचा नाही. नोकरी लागल्यावर तर याच गोष्टीला टाळ्या मिळायला लागल्या. जितकं खाली सुरू करावं तितकं वर आल्यासारखं दिसतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "त्या पोरीला सांगायचं होतंस, माझ्या बाबानं घेऊन दिलाय म्हणून."

"आता सांगेन."

"आता ती कुठं भेटणार आहे," असं म्हणून आई चहा टाकायला उठली.

चौथ्या चुकीवर मात्र आमचं जमलं नाही. चहा पिताना तिनं विचारलं, "एक वेळचं जेवण कधी होतं?" आणि या वेळी मी माघार घ्यायचं नाही ठरवलं, कारण हे मी कुठून उचललेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"होळीनंतर," मी म्हणाले. "मी सुट्टीत यायचे तेव्हा. संध्याकाळी पेज असायची."

"पेज म्हणजे जेवण नाही?"

"आम्हाला द्यायचीस. तू नाही घ्यायचीस."

आईनं कप खाली ठेवला. "मला भूक नसायची," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं, तिनं कोंबड्यांकडे बघितलं. तो विषय तिथंच राहिला.

त्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आठ दिवस राहायला आली. चष्म्याचा नंबर काढायचा होता. मी ऑफिसला गेले की ती दार उघडं ठेवून जिन्यासमोर बसायची. बंद दाराच्या घरात तिला गुदमरायला होतं. त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या मजल्यांना ती माहीत झाली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहतात. त्यांच्या घरी गुजराती बोलतात, माझ्याशी त्या बंबईया मराठी बोलतात. मला त्या फार आवडतात. मी इथं राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात त्या भाजीवाल्याशी भांडताना मला म्हणाल्या होत्या, "आपण मिडल क्लास लोक, आपल्यालाच सगळे लुटतात." त्यातल्या "आपण" या शब्दानं मला इतका आनंद झाला होता की मीही त्यांच्या बाजूनं भाजीवाल्याशी भांडले. मला वाटलं, आता आपण पोचलो.

शनिवारी मला सुट्टी होती. मी आणि आई दारात, समोरच्या बाई त्यांच्या दारात, आणि इमारतीचा जिना पुसणारी मावशी फडकं घेऊन मधल्या पायरीवर, अशा आम्ही चौघी होतो. लाइट बिलावरून विषय निघाला आणि बाई पुन्हा म्हणाल्या, "आपण मिडल क्लास ना."

"म्हणजे काय?" आईनं मला विचारलं.

"मध्यमवर्गीय. मधले लोक."

"कोणाच्या मधले?"

समोरच्या बाईंनाच मजा वाटली. "वरती बघा, ते वाडीवाले," त्या म्हणाल्या. "बंगले, गाड्या, पोरं फॉरेनला. ते श्रीमंत. आणि खाली..." त्या थांबल्या. त्यांची नजर आधी आईवर गेली, मग जिना पुसणाऱ्या मावशीवर, आणि तिथून ती जायला दुसरी जागाच नव्हती. "खाली म्हणजे... बाकीचे."

मावशी पायरीवरूनच म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी पण मधलीच. माझ्या घरावर चांगला पत्रा आहे, पोरगी बारावीला सायन्सला आहे. खाली म्हणाल तर ते रेल्वेलाइनपलीकडे ताडपत्री टाकून राहतात ना, ते."

"त्यांना विचारलं तर ते अजून कुणाला दाखवतील," मी म्हणाले.

"मग मी कुठं?" आईनं विचारलं. तिचा प्रश्न अगदी साधा होता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. समोरच्या बाई गोंधळल्या, आणि मग त्यांनी मनापासून सांगितलं, "मासी, तुमची तर स्वतःची जमीन. भात घरचं, डाळ घरची, कोंबडी घरची. आमचं काय, सगळं विकत. तुम्ही तर मालकीण."

आई इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन करून पाड्यावरून वाल मागवले आणि एक मोठी पिशवी समोर नेऊन दिली. मावशीलाही दिली. मला मात्र त्या दिवशी तिनं पाचवी चूक सांगितली, स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता.

"गरीब कोण होतं सांगू? आपल्या पाड्याच्या टोकाला ती म्हातारी राहायची, आठवते? नवरा गेला, दीर नाही, भाऊ नाही. लावणीच्या दिवसांत तिच्या शेतात उतरायला कोणी नव्हतं. ती गरीब होती. तिची लावणी आम्ही करून यायचो, मग आपली करायचो. आपल्या शेतात वीस माणसं उतरायची, बोलवावं लागायचं नाही. ज्याच्या लावणीला वीस माणसं येतात तो गरीब कसा?"

मी विचार केला, माझ्या लावणीला किती येतील. घर बदलायचं झालं तर सामान उचलायला मला ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करावा लागेल. पण समोरच्या बाई नक्की येतील. मावशी येईल. आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग मला धरून तीन झाली. तुझा भाऊ धर. चार. बरं चाललंय तुझं."

पुढच्या वर्षी शाळेतून पुन्हा फोन आला. या वेळी मीच आईला विचारलं, येशील का. ती म्हणाली, "काय बोलणार ते आधी सांग." मी तिला पूर्ण भाषण घरी म्हणून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी सुधारणा केली. एक बैलांच्या रंगाबद्दल होती.

त्या दिवशी मी मुलींना सांगितलं की माझे आईवडील शेतकरी. आमचं बारा खांबांचं घर होतं. पीक निघालं की ते घोलवडला चिकूच्या वाडीवर जायचे, आणि बाबा चिकू उतरवण्यात इतके तरबेज होते की दुसऱ्या वाड्यांमधून त्यांना बोलावणं यायचं. मला गणित आवडायचं. मी इंजिनिअर झाले, कारण आमच्या पाड्यावर पाणी लांबून आणावं लागायचं आणि ते जवळ कसं आणता येईल याची मला लहानपणापासून उत्सुकता होती. टाकी कशी बांधतात, उतार कसा काढतात, ते मी फळ्यावर काढून दाखवलं. मुलींनी भरपूर प्रश्न विचारले. एकीनं विचारलं, साइटवर पुरुष ऐकतात का? मी म्हटलं, पहिल्या दिवशी ऐकत नाहीत, माप चुकलेलं दाखवलं की ऐकतात.

टाळ्या झाल्या, पण डोळे कुणी पुसले नाहीत. चहाच्या वेळी मुख्याध्यापक जरा नाराज दिसले. "छान झालं मॅडम," ते म्हणाले. "फक्त मागच्या वेळी कसं, संघर्ष जास्त आला होता."

"सर, मागच्या वेळी माझ्या भाषणात पाच चुका होत्या," मी म्हणाले. त्यांना ते विनयानं म्हटल्यासारखं वाटलं आणि ते हसले.

आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा एक मुलगी मागून आली. नववी-दहावीतली, दोन वेण्या, हातात वही. ती माझ्याजवळ थांबली आणि बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे होतं सगळं. आमच्या घरी खरंच नसतं. मग मी काय सांगू?"

गेल्या वर्षी मी हिच्यासाठीच बोलले होते, असं मी समजत होते. या वर्षी मी आईच्या मानासाठी बोलले आणि ही मुलगी बाहेर राहिली. दोन्ही भाषणांत तिला जागा नव्हती. मी "तू अभ्यास कर" असलं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई पुढं झाली.

"काय नसतं घरी, बाय?" तिनं विचारलं.

"होळी झाली की भात संपतो."

आईनं तिचा हात धरला आणि तिला गाडीच्या पलीकडच्या बाजूला, आंब्याच्या सावलीत नेलं. मी दरवाजापाशी उभी होते, त्यामुळे मला ऐकू येत होतं. आई हळू आवाजात म्हणाली, "आमचाही संपायचा."

मुलीनं तिच्याकडे बघितलं.

"दर वर्षी संपायचा. कणगी मोठी होती, पण खाणारी तोंडंही होती. मग मी पोरांना पेज द्यायची आणि मला भूक नाही म्हणायची. हे मी कुणाला सांगत नाही. तुला सांगते. तुझी आई म्हणते का असं, भूक नाही म्हणून?"

"म्हणते," ती मुलगी म्हणाली.

"मग ती लबाड आहे, माझ्यासारखी. घरी गेलीस की तिच्याबरोबर बसूनच जेव. ती उठली तर तू पण ऊठ. आणि भात संपतो म्हणून मान खाली घालू नको. भात संपतो, पुन्हा पिकतो. कुणी विचारलं तर सांग, शेतकऱ्याची आहे. नाही विचारलं तर काही सांगू नको. तुझ्या घरातलं तुझ्या घरात."

मग त्या दोघी आणखी थोडा वेळ बोलत राहिल्या, कुठला पाडा, मामा कुठले, आजी कुठल्या गावची. आईला कुठंतरी लांबचं नातं सापडलं. मुलगी हसत पळत गेली.

गाडी सुरू केल्यावर मी म्हणाले, "मला म्हणालीस भूक नसायची."

"हो."

"तिला खरं सांगितलंस."

आई खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत बायका उभ्या होत्या, त्यांच्यात ओळखीचं कुणी दिसतंय का बघायची तिची सवय आहे. "तू माईकवर सांगितलंस," ती म्हणाली. "मी तिच्या कानात सांगितलं. आणि तिला उपयोग होता."

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी बोलायला गेले. कुणी ओळख करून देताना "अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून" असं सुरुवातीलाच म्हणालं, तर मी माईक हातात आल्यावर हसून दुरुस्ती करते, आणि मग कामाचं बोलते. लोकांना ते थोडं पचायला जड जातं, पण चालतं. भाषण संपल्यावर मात्र मी लगेच गाडीकडे जात नाही. व्यासपीठाच्या बाजूला, पाण्याच्या पिंपापाशी किंवा चपला काढतात तिथं थोडा वेळ रेंगाळते. एखादी मुलगी हमखास येते. मग मी माझं खरं सांगते आणि तिचं ऐकते, आणि दोघींपैकी कोण गरीब आणि कोण मधली हे ठरवायची आम्हाला गरज पडत नाही.